एक मिलिमीटर

शार्लरुआच्या मल्टिप्लेक्समध्ये, पडदा क्रमांक तीनच्या दाराशी
मी चष्मे गोळा करतो. काळे, प्लास्टिकचे, परत द्यायचे.
बाहेर पडताना लोक डोळे असे मिचकावतात
जणू पृथ्वी त्यांना एक माप लहान झाली आहे.

त्या आठवड्यात तो सिनेमा होता:
उपग्रहाएवढं शहर, आतून शिंपल्यासारखं कोरलेलं,
सातशे जातींचे जीव, त्यांचे बाजार, त्यांची भांडणं,
काचेचे हत्ती, उलटे चढणारे धबधबे,
नायिकेच्या झग्यात पोहणारे मासे.
गोष्ट यथातथाच. पण नजर कुठे ठेवावी कळेना.
जुन्या चित्रकथेवरून घेतलाय,
असं पोस्टरच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात.

बुधवारी दुपारी अकरा माणसं.
राणी मरत होती, ओर्फी जमातीची शेवटची राणी.
ओर्फींचे ओठ चेहऱ्यापासून जरा सुटून
हवेत तरंगतात, शब्दाच्या आधी हलतात.
व्हायोलिनं रडत होती, दाराबाहेर मलाही ऐकू येत होती,
आणि चौथ्या रांगेत कोणीतरी हसलं.
खुदकन नव्हे. पोट धरून, ठसका लागेपर्यंत.

ती सगळ्यात शेवटी बाहेर आली.
जोसियान देल्व्होसाल, वय अठ्ठ्याहत्तर,
पिशवीतून कांद्याच्या पातीचे शेंडे डोकावत होते.
चष्मा देईना. म्हणाली, थांब, आधी ऐक.

एकाहत्तर साल. स्वयंपाकघरातलं टेबल. पानाला साठ फ्रँक.
रेषा त्याच्या आणि नावही त्याचं.
रंग माझे, आणि मुलीची वही पुसायचं खोडरबर.
डोंगर कसले करू विचारलं, तर म्हणाला, परग्रहाचे कर.
मी खिडकीबाहेर पाहिलं.
समोर खाणीतल्या राखेचा ढीग, त्यावर बर्चची चार रोपं.
तोच दिला. जांभळट राखाडी, कडेला गंज.
आज पडद्यावर ते डोंगर स्फटिकाचे होते.
छान होते. बुडातून धूर तेवढा येत नव्हता.

आणि पान सतरा.
छपाईचा नमुना तपासायची रात्र,
लिलिअनला गोवर, ताप चाळीसच्या वर.
एका हाताने ओल्या फडक्याची घडी बदलत
दुसऱ्याने सही केली: ठीक आहे, छापा.
लाल रंग उजवीकडे सरकला होता. एक मिलिमीटर.
चाळीस हजार प्रतींत
राणीचे ओठ राणीच्या तोंडावर नव्हते.
संपादकाने पानाचे पैसे कापले,
वर विचारलं, बाई, तुमचं लक्ष असतं कुठे?

मग पत्रं आली. लिएजच्या कुणा विद्यार्थ्याने लिहिलं,
ओर्फींना खरं आधी ओठात कळतं, मग चेहऱ्याला.
चित्रकाराला ते फार भावलं. पुढच्या अंकापासून
त्याचा निरोप यायचा: लाल जरा सरकवून दे.
साठ फ्रँकच.

आता म्हणे तीनशे माणसं दोन वर्षं बसली होती
फक्त ओठांवर. प्रत्येक ओठाची सावली वेगळी मोजून.
माझी चूक, ती म्हणाली,
इतकी निर्दोष कुणालाच जमली नव्हती.

मी म्हटलं, नावांच्या यादीत तुम्ही नव्हता.
मी रोज पाहतो, अकरा मिनिटं चालते, केटरिंगवालेसुद्धा आहेत.
तोंडाला पानं पुसली की तुमच्या.
पुसली, ती म्हणाली, पण एक मिलिमीटर बाजूला,
आणि पुन्हा तो ठसका.

लिलिअन का नाही आली?
ती गेंटला दातांची डॉक्टर आहे. तिला काही आठवत नाही.
बरंच आहे. तापातलं काय आठवायचं.

मग ती पार्किंगकडे गेली, रिमझिमीत,
डोळ्यांवर तो काळा चष्मा तसाच.
मधेच थांबली, राखेच्या ढिगाकडे तोंड करून,
चष्मा वर केला, खाली केला, परत वर.
मोतीबिंदू आहे, जाताना सांगून गेली होती,
सगळ्यालाच हल्ली दोन कडा दिसतात.

रात्री हिशेब: अकरापैकी दहा.
मी वहीत अकरा लिहिले
आणि सही केली.